‘इतर माहिती’चा रकाना

“तिलाच पाठवू ना, बाबा. ती त्यांच्यातलीच आहे. तिच्यापुढे त्या बायका पोटातलं सगळं ओकतात.”

मी जिन्यात होते. हातात लॅपटॉप, खांद्यावर चार्जरची पिशवी. वर शेठच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आवाज केतकीचा होता.

“आणि बाहेर कुठे बोलली तर?” शेठनी विचारलं.

“ती? गाय आहे हो. कॉलेजात शेजारी बसायची माझ्या. स्वतःहून कधी वाक्य बोलली नाही. बोलणार कोणाला?”

दोघं हसले. वाईट हसले नाहीत. घरातल्या लहान मुलाबद्दल हसतात तसे. तेच जास्त लागलं.

मग मी काय केलं ते सांगते. मी हळूच खाली उतरले, आणि चपलांचा आवाज करत पुन्हा वर चढले. मी येतेय हे त्यांना कळावं म्हणून. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. अपमान माझा झाला होता, आणि त्यांची लाज राखायलाही मीच धावले.

“अगं ये, ये! आत्ता तुझंच नाव काढलं होतं,” केतकी म्हणाली. “भरपूर आयुष्य आहे बघ तुला.”

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. हसले.

शेठ म्हणजे पेणमधले गणपतीचे मोठे कारखानदार. त्यांचं शोरूम रस्त्यावर, काचेचं. त्यांच्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, बोटीतून परदेशीही जातात. केतकी त्यांची एकुलती एक. कॉलेजनंतर ती पुण्याला बिझनेसचं शिकायला गेली, आणि परत आली ती सगळ्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद ठेवणारी सिस्टिम घेऊन. आल्यावर पहिला फोन तिने मला केला. “मला तूच हवीस,” म्हणाली. “माझा उजवा हात.” मी तेव्हा रोह्याला घरी बसून होते. उजवा हात व्हायला मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले.

आमचं घर रोह्याचं. वडील तिथल्या एका कंपनीत कंत्राटी, शिफ्टमध्ये. त्यांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं. पालक सभेला ते थेट शिफ्टवरून यायचे. अंगाला केमिकलचा वास असायचा, म्हणून मागे भिंतीला टेकून उभे राहायचे. बाई त्यांच्याशी इंग्रजीत बोलायच्या. ते मान हलवायचे. घरी येताना मला विचारायचे, “काय बोलल्या गो बाई?” मी काहीतरी चांगलं सांगायचे. बाई म्हणालेल्या असायच्या, ही तोंड उघडत नाही, काही प्रॉब्लेम आहे का.

प्रॉब्लेम हा होता की मी तोंड उघडलं की शाळेत हसायचे. आमच्या आईकडच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’. एकदा वर्गात ‘फळा’ला ‘फला’ म्हटलं, मग वर्षभर माझं नाव ‘फला’. म्हणून मी शाळेतलं बोलणं शिकले. ते घरी बोलले तर चुलतबहिणी म्हणायच्या, “काय गो मडम, आमच्याशी आज बोलशील का उद्या येऊ?” दोन्हीकडे हसू होतं. गप्प बसलं की कोणी हसत नाही, हे मला फार लवकर कळलं. गप्प बसणारी माणसं बघत असतात. मी पुष्कळ बघितलं.

कॉलेजला पेणला आले ती मावशीकडे राहिले, आणि नोकरीला आले तीही. मावशीचं गाव हमरापूरच्या बाजूला, खाडीकडे. तिचे सासरे मिठागरात, नवरा मिठागरात. काका गेले, मिठागरही बंद पडलं, तेव्हा मावशीने ब्रश हातात घेतला. आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात घासकाम, मग रंग, मग डोळ्यांची आखणी. पुढे घराशेजारी पत्र्याची शेड टाकून स्वतःचा लहानसा कारखाना. वर्षातले काही महिने ती शेठसाठी कच्च्या मूर्ती रंगवून द्यायची. बाकीची तिची स्वतःची गिऱ्हाईकं. पनवेल, उरण, अलिबाग. वर्षानुवर्षांची.

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे पाट द्यायचा. घरचा लाकडी पाट घेऊन माणूस येतो, मूर्ती ठरवतो, पाट ठेवून जातो. चतुर्थीच्या आधी त्याच पाटावरून त्याचा गणपती घरी जातो. एकदा पाट तुमच्या शेडमध्ये आला की ते घर तुमचं. दुसरा कोणी त्या घराला मूर्ती विचारत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. बरीच जुनी घरं पाट वर्षभर मावशीकडेच ठेवायची, म्हणून तिच्या शेडमध्ये भिंतीला टेकून पाटांची रांग असायची. काहींच्या खाली तेलरंगाने नावं होती, अर्धी पुसलेली. मावशीला नावं लागायचीच नाहीत.

केतकी सिस्टिमबद्दल सांगायची तेव्हा तिच्या डोळ्यांत चमक यायची. अजूनही मला वाटतं, ती चमक खोटी नव्हती. “आपला धंदा अजून आठवणीवर चाललाय,” ती म्हणायची. “कोणत्या शेडमध्ये किती माल, कुठला रंग, कोणाला कधी हवाय, कोणालाच एकत्र दिसत नाही. आजच्या बिझनेसमध्ये माहिती हाच कच्चा माल. माती नंतर.”

आणि सिस्टिम चालली, हे मी नाकारत नाही. आधी कच्च्या मूर्तींचा टेम्पो चुकीच्या शेडला जायचा, तो जायचा बंद झाला. मूर्तीच्या तळाला स्टिकर लागला. मोबाईल धरला की कुठला रंग, कधी न्यायला येणार, सगळं दिसायचं. बायकांना ते आवडलं. मला तर अभिमान होता. पहिल्यांदा मी शिकलेलं कोणाच्या तरी हातात उपयोगी पडत होतं.

मग केतकीने पुढची पायरी काढली. बायकांची स्वतःची गिऱ्हाईकंही सिस्टिमवर घ्यायची.

ते सांगायला ती स्वतः मावशीकडे आली. शेजारपाजारच्या बायका जमल्या. मावशीने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. केतकी खाली मांडी घालून बसली.

“खा गो बाय, लाजू नको,” मावशी म्हणाली. “पुन्याला काय मिलनार असलं?”

“मावशी, काय चव आहे तुमच्या हाताला!” केतकी बोटं चाटत म्हणाली. मग तिने समजावलं. गिऱ्हाईकाला मूर्ती तयार झाली की आपोआप मेसेज जाईल. शेवटच्या दिवशीची गर्दी नाही, भांडणं नाहीत. “आणि मेसेजमध्ये तुमचं नाव जाईल. ‘तुमचा बाप्पा अमुक ताईंनी रंगवला.’ आजवर कोणी तुमचं नाव घेतलंय का?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नाव म्हटल्यावर एकीने उगाच पदर सारखा केला.

फक्त शेजारच्या काकी बोलल्या. काकींना कोणाचंच पटत नाही, म्हणून त्यांचं कोणी मनावर घेत नाही. “गिऱ्हाईक म्हंजे आपला सातबारा,” काकी म्हणाल्या. “तो कोन दुसऱ्याच्या हातात देतं काय?”

“दुसऱ्याच्या कशाला?” मावशीने माझ्याकडे हात केला. “आपल्या पोरीच्या हातात देतोय. ती लिवनार हाय.”

त्या वाक्यावर विषय संपला. बाकीच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि माना हलवल्या. केतकीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

जिन्यातलं बोलणं त्यानंतरच्याच आठवड्यातलं. ते ऐकूनसुद्धा मी गेले. मनात म्हटलं, मोठ्या माणसांची बोलायची पद्धत असते. मनात म्हटलं, त्यांच्यातलीच आहे, हे खरंच तर आहे. मला केतकी हवी होती. ज्या तऱ्हेच्या मुलींनी शाळेत मला ‘फला’ म्हटलं, त्याच तऱ्हेची एक मुलगी मला ‘माझा उजवा हात’ म्हणते, हे मला सोडवत नव्हतं.

मी शेडशेडमधून बसले. रंगाच्या डब्यांमध्ये, पाटावर लॅपटॉप ठेवून.

“मावशी, पहिल्या गिऱ्हाईकाचं नाव सांग.”

“लाल शेला.”

“माणसाचं नाव गं.”

“मानसाचं नाव कोन इचारतंय? लाल शेला बोल, मी तुला पाट काढून देते.”

बायका हसून लोळल्या. प्रत्येकीचं तसंच होतं. गिऱ्हाईक म्हणजे त्याची मूर्ती. उजव्या सोंडेवाले. मोरावरचे. उंदीर मोठा मागणारे. एकीच्या मोबाईलमध्ये नंबर ‘पिवलं पितांबर उरन’ या नावाने होता, आणि त्या घरच्या मालकाचं नाव तिला खरोखर ठाऊक नव्हतं. पण बाकीचं सगळं ठाऊक होतं. कोणाकडे आजारपण आहे, कोणाची सून नवीन आहे, कोणाला डोळे मोठे लागतात, कोणाच्या घरी फोन नवऱ्याला न करता बायकोला करायचा.

सिस्टिममध्ये नावाचा रकाना होता, पत्त्याचा, नंबरचा. आणि शेवटी एक मोठा रकाना. ‘इतर माहिती’. बाकी कुठे बसत नव्हतं ते मी त्यात लिहीत गेले.

“लाल शेल्यांकडे गेल्या साली म्हातारबाबा गेले,” मावशी सांगायची. “म्हनून लहान मूर्ती नेली. यंदा इचारशील तर हलू आवाजात इचार.” मी लिहिलं. “आनि ह्या मोरवाल्यांची लेक माघारी आलेय. तिचं काय इचारू नये. लिव तसं. नायतर कोनतरी येडं इचारंल.” मी तेही लिहिलं. मला वाटलं मी चांगलं काम करतेय. एवढं जपून कोण लिहितं?

एक गोष्ट मात्र खटकली. सेव्ह दाबलं की पान कोरं व्हायचं. भरलेलं पुन्हा उघडता यायचं नाही. मी केतकीला विचारलं.

“तुझ्या लॉगिनला फक्त भरायचे राइट्स आहेत गं. सिक्युरिटी. उद्या काही झालं तर तुझ्यावर नको यायला.”

तिला माझी काळजी आहे असं वाटलं मला. बायकांच्या मोबाईलवर तर त्यांची गिऱ्हाईकं दिसतच नव्हती. दिसायचं फक्त काम. मूर्तीचा फोटो, रंगाचा नंबर, तारीख.

आषाढात पाट यायला लागतात. त्या वर्षी मावशीच्या शेडमध्ये येईनात. मावशी दोन-तीनदा म्हणाली, “यंदा लोकांना येल नाय वाटतं.” मग एका सकाळी लाल शेला आले. म्हणजे पनवेलचं ते जोडपं. त्यांचा पाट तर मावशीकडेच होता. गेल्या वर्षी विसर्जनानंतर रिकामा पाट ते मावशीकडेच ठेवून गेले होते, पुढच्या वर्षासाठी.

“पाट न्यायला आलो होतो,” गृहस्थ म्हणाले.

मावशीला वाटलं, पॉलिश करायला नेतायत. “राहू दे ना, हितंच देते करून.”

“नाही, म्हणजे... शोरूमला द्यायचा आहे. मेसेज आला ना तुमचा.”

“माझा?”

त्यांनी मोबाईल पुढे केला. मावशीने तो माझ्या हातात दिला. मी वाचला. अजून पाठ आहे.

‘नमस्कार. गेल्या वर्षी घरातील दुःखामुळे आपण लहान मूर्ती नेली होती. यंदा आपल्या लाडक्या लाल शेल्याच्या बाप्पाची मोठी मूर्ती आमच्या पेणच्या शोरूममध्ये पाहायला जरूर या.’

खाली शेठच्या कारखान्याचं नाव. मावशीचं नाव नव्हतं. कुठेच नव्हतं.

शब्द मावशीचे होते. लाल शेला, हे नाव जगात फक्त मावशीच्या शेडमध्ये होतं. ते तिच्या तोंडून माझ्या बोटांत आलं होतं, आणि माझ्या बोटांतून शेठच्या मेसेजमध्ये.

“तुम्ही आता त्यांच्याकडेच असता ना?” गृहस्थ म्हणाले. “मग म्हटलं तिथेच देऊ. मूर्ती तुमच्याच हातची असेल, म्हणाले ते. आणि तिथे पार्किंग पण आहे.”

त्यांच्या बायकोने मावशीकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाली, “आमच्या सासऱ्यांचं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत का हो?”

मावशीने रांगेतून त्यांचा पाट बरोबर ओढून काढला. पदराने पुसला. धूळ नव्हतीच, तरी पुसला. दोन्ही हातांनी दिला. “चा घेऊन जा,” म्हणाली. त्यांना घाई होती.

गाडी गेल्यावर तिने मला विचारलं, “ते तू लिवलं होतंस काय गो?”

“हो.”

“मंग बराबर हाय.”

एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मोरवाल्यांचा फोन आला. त्यांना गेलेल्या मेसेजात होतं, ‘आपल्या कन्येसह अवश्य या.’ शोरूममधल्या कोणीतरी माझा रकाना वाचून तो गोड करून लिहिला होता. त्या बाई फोनवर म्हणाल्या, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि ठेवला. मावशी फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. पलीकडे कोणी नव्हतं, तरी म्हणत राहिली, “मी नाय सांगितलं हो. आवशीची आन, मी नाय सांगितलं.”

काकी दारातून बघत होत्या. टोमणा मारतील असं वाटलं होतं. नाही मारला. आत येऊन त्यांनी मावशीच्या हातातला फोन काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुजी साळा लय मोठी गो.”

त्याच दिवशी दुपारी मी शेठच्या कामासाठी वडखळला गेले, आणि तिथूनच परस्पर शोरूमला. केतकी मोठ्या स्क्रीनसमोर बसली होती. स्क्रीनवर रंगीत गोल, वर चढणाऱ्या रेघा. रायगडचा नकाशा, त्यावर ठिपके. प्रत्येक ठिपका एक घर. मी भरलेलं सगळं तिथे होतं. मी भरल्यानंतर पहिल्यांदाच ते बघत होते, आणि तेही तिच्या खांद्यावरून.

“बघ,” ती म्हणाली, “रिस्पॉन्स बघ काय आलाय! तुझ्या नोट्सची कमाल आहे. असा पर्सनल टच कोणाकडेच नाही.”

“मावशीचं नाव नव्हतं मेसेजमध्ये.”

“हं?”

“तू म्हणाली होतीस नाव जाईल.”

“अगं, नाव टाकलं तर लोक त्यांनाच फोन करतील ना. मग सिस्टिमचा उपयोग काय?” ती हे इतक्या सहज म्हणाली, जणू मी दोन अधिक दोन विचारलं होतं. “आणि मी म्हटलं होतं, बघू. प्रत्येक गोष्ट प्रॉमिस नसते.”

“पाट परत नेतायत लोक.”

“मग शोरूमला आणतायत ना? काम शेवटी मावशीकडेच येणार. उलट जास्त देऊ आपण. तिला गिऱ्हाईक सांभाळायची कटकट नाही.” मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज मऊ केला. कॉलेजात माझ्या नोट्स मागताना करायची तसा. “तू इमोशनल होतेस. डेटा कंपनीचा असतो. तुला हे मी शिकवायला हवं का? तू तर शिकलेली आहेस.”

माझ्या डोक्यात तेव्हा वाक्यं होती. पूर्ण, चांगली, दोन भाषांत. तुझ्या कंपनीचा कसा? तुझ्या कंपनीत कोणी त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवली होती? मावशीच्या दारात येणारं माणूस तू तुझ्या दारात नेलंस. काल ती मालकीण होती, आज तिला तू काम देणार. बाहेर आलं ते एवढंच: “ठीक आहे.”

“शहाणी आहेस. बरं, रोह्याची तयारी कर. तिकडच्या बायकांची मीटिंग लावलीय. तुझंच गाव, तूच बोल.”

त्या दिवसांत मावशी माझ्याशी वाईट वागली नाही. जेवायला वाढायची, माशातला मधला तुकडा मलाच द्यायची. पण तिचा फोन वाजला की ती उठायची. फोन घेऊन घरामागे जायची, आणि तिथे उभी राहून हळू बोलायची. परका माणूस घरात असला की बोलतात तसं. मी ताटावर बसून ऐकायचे. शब्द कळायचे नाहीत. न कळावेत म्हणूनच ती गेलेली असायची.

इंग्रजी शाळेत मला हसले, त्याचं एवढं वाटलं नव्हतं. ते परके होते. इथे मला माझ्याच माणसांत परकी करून ठेवलं होतं, आणि ते करणारीने माझ्या मावशीच्या हातचं बिरडं चाटून खाल्लं होतं. मी त्यांच्यातली आहे म्हणूनच मला घेतलं होतं. माझी हुशारी, माझं इंग्रजी, काही नको होतं त्यांना. मी एक दार होते. आत शिरायला.

मग मी सिस्टिमकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. ती काय करते हे मला माहीत होतं. आता मी बघितलं, तिच्यात कोण काय करू शकतं. बायकांना काम दिसतं, गिऱ्हाईक दिसत नाही. मला भरता येतं, वाचता येत नाही. केतकीला सगळं दिसतं. हे यंत्राने आपोआप ठरवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी, मी लॉगिन होण्याच्याही आधी, एका माणसाने बसून एकेक खूण करून ठरवलं होतं. याला हे दिसू दे. हिला हे दिसू देऊ नको. मी इतकी वर्षं शाळेत, कॉलेजात जे बघत आले होते, तेच आता स्क्रीनवर आलं होतं.

रोह्याची मीटिंग एका हॉलमध्ये होती. खुर्च्या, पंखे, मागे मोठा बॅनर, त्यावर हसणारी एक रंगकाम करणारी बाई, जी कुठल्याच गावची नव्हती. रोह्यातून आणि जवळच्या खांब गावाहून बायका आल्या होत्या. घरगुती गणपती करणाऱ्या. कोणाची शेड, कोणाची नुसती पडवी. बऱ्याच जणी मला ओळखत होत्या.

“आली काय गो शिफ्टवाल्याची पोर!” एकीने दुसरीला सांगितलं. “बग, कशी मोठी झालेय.”

मी स्टेजच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसले. केतकी बोलली. चांगली बोलली. माहिती, प्रगती, ओळख. आजवर कोणी तुमचं नाव घेतलंय का, तेही बोलली. अगदी तोच सूर, तीच थांबायची जागा. पण बायका हाताची घडी घालून बसल्या होत्या. परक्या माणसापुढे बसतात तशा. केतकीला ते कळलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि माइक पुढे केला. “आता तुमचीच मुलगी तुम्हाला सांगेल. तुमच्या भाषेत.”

बायकांच्या हातांच्या घड्या सुटल्या. मी ते बघितलं. एकेकीचे खांदे सैल झाले, तोंडावर हसू आलं. माझ्याकडे बघून. मी एक शब्दही बोलले नव्हते.

पुढच्या रांगेत आमच्या आळीतल्या एक आजी होत्या. मी शाळेत जाताना त्या रोज दारातून विचारायच्या, डबा घेतलास काय. त्या उभ्याच राहिल्या.

“पोरी, मना एकच सांग. ती बाय बोलते ते सगलं चांगलं हाय. पन आमी नंबर दिला, सगलं सांगितलं, तर आमचं गिऱ्हाईक आमचंच राहील ना गो? तू बोलशील तर देते. मी तुझ्या तोंडाकडं बघून देनार हाय.”

केतकी माझ्या कानाशी वाकली. “हो म्हण,” कुजबुजली. “फक्त हो म्हण, पुढचं मी बघते.”

माइकमधून माझ्या श्वासाचा आवाज येत होता. सगळ्यांना ऐकू येत असणार. मी माइक खाली ठेवला. नको होता तो. आणि मी बोलले. इतक्या मोठ्याने की मागच्या बायकांनी माना वर केल्या. ज्या बोलण्याला शाळेत हसले, त्याच बोलण्यात.

“नाय, आजी. तुमचं राहनार नाय. माझ्या मावशीचं नाय राहिलं. तिचं गिऱ्हाईक हिच्या शोरूममधे गेलं, आनि तिचं नावसुदा कोनी लावलं नाय. ते सगलं मी भरून दिलं, ह्याच हातांनी, आनि आता ते मला उघडून बघतापन येत नाय. तुमाला तर नायच येनार. काम घ्यायचं असंल तर काम घ्या. स्टिकर लावायचा तर लावा. पन जे आपन भरलेलं आपल्याला बघता येत नाय, त्यात एक अक्षर भरू नका. नंबर देऊ नका, नाव देऊ नका, कोनाच्या घरी काय झालं ते सांगू नका. हिला देऊ नका. शेठला देऊ नका. आनि उद्या मी एकटी तुमच्या दारात आले, तुमच्या हातची भाकरी खाल्ली, तुमच्यासारखी बोलले, तरी मला पन देऊ नका.”